योग आहे का, मास्तर?

गेल्या वर्षी एका गुरुवारी गीतेच्या पोथीचा वर्ग सुटला आणि चपला घालता घालता ती मला म्हणाली, "तुझ्या दादाला मी हो म्हटलंय." तिथून माझं सगळंच फिरलं.

सबब मी, खाली सही करणारा, वय बावीस, कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, धंदा सायकलदुरुस्ती, कुणी भरीस घातलेलं नसताना हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी कालच तपासलंय. उद्या माझ्या यकृताचा तुकडा दादाला बसवणार आहेत. मी परत आलो तर हा कागद फाडावा.

१. माझी हत्यारं दुकानाच्या उस्तादांना. त्यांचा लहान पाना त्यातच आहे. चोरला नव्हता, द्यायचा राहिला.

२. बँकेत असेल ते आईला. तिने ते माझ्या फोटोच्या चौकटीवर घालवू नये.

३. मास्तरांवरचा राग. वर्गात मी विचारलं होतं, "मास्तर, आमचा योग आहे का हो?" माझी नजर तिच्याकडे, त्यांची पोथीत. म्हणाले, "आहे की. पण घाई नको. रोज येऊन बसायचं, फळाकडे बघायचं नाही." मी गाढवासारखा वर्षभर तिच्याशेजारी बसलो. दादा माझा विसरलेला डबा द्यायला आला आणि चौथ्या भेटीत तिला सरळ विचारून मोकळा झाला. माझ्या मनातलं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, हेही लिहायला हवं.

मास्तर या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून राग मागे घेतो.

४. दादाचा आजार कळला तेव्हा मनात आलं, हा गेला तर... वाक्य पुरं केलं नाही, पण सुरू मीच केलं होतं. मास्तरांशी भांडलो, "धाकट्याचं मन ओळखणं हे त्याचं कर्तव्य नव्हतं?"

मास्तर म्हणाले, "तू तुझं बघ. त्याच्या कर्तव्यावर पहारा द्यायला तुला कुणी नेमलंय?"

५. माझी पोथी तिला. 'योग' शब्दाशेजारी समासात तिचं नाव होतं, ते खोडलंय. उजेडात धरलं तर दिसतं. धरू नये.

६. डॉक्टर म्हणाले, "भूल देईपर्यंत केव्हाही नाही म्हण. खरं कारण आम्ही कुणाला सांगणार नाही." चार दिवस हे वाक्य खिशात घेऊन फिरतोय. आपण म्हणजे शरीर नव्हे, हे वर्गात सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचो. आता पोटावर हात ठेवला की ते फारच माझं वाटतं. यकृत पुन्हा वाढतं म्हणे. बाकीचं विचारलं नाही.

७. एक शब्द द्यायचा राहिलाय. दादाशी लग्न झाल्यापासून तिला हाक मारायची वेळ आली की मी नुसता खोकतो.

साक्षीदार: १. पोथीवर्गाचे मास्तर (सही)
२. खालच्या मजल्यावरची शिवणवाली मावशी (सही, चष्म्याशिवाय)

ठिकाण: वरची खोली
दिनांक: दवाखान्यात दाखल व्हायचा दिवस, सकाळ
लिहिणार: धाकटा (सही)

ता. क. खालून ती हाक मारतेय, "झालं का रे? रिक्षा थांबलीये. तुझा दादा फोनवर आहे. म्हणतोय, आत्ता नाही म्हटलंस तरी राग नाही."

पेन ठेवतो. न खोकता "आलो, वहिनी," म्हणतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.