पिठातलं पाऊल

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी पहिल्यांदाच तुम्हाला लिहिते आहे. विषय मांजराचा आहे. जुन्या जालन्यात तुम्ही ज्या धान्याच्या आडतीवर कामाला होता, तिथे ज्वारीच्या पोत्यांवर एक करडी मांजर झोपायची. ती मेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि थप्पीमागे बसून रडत होते. तुम्ही माप सोडून आलात आणि म्हणालात, "जनावरासाठी एवढं रडून राह्यलीस? माणसांसाठी ठिव थोडं." मी ठेवलं. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हा ठेवलेलं काहीच बाहेर आलं नाही. इथल्या, शहागडच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी त्यांना चहा देत होते.

माणूस जिथे गेला तिथे आमच्याकडे दिवा ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहे. नवव्या दिवशी संध्याकाळी दिव्याभोवती पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. दहाव्याच्या सकाळी पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेला असं धरतात. पहाटे दिव्यात तेल घालायला मी टोपली उचलली. पीठ कोरं होतं. एवढ्यात मागच्या दाराने मांजर आली. ही आमच्या गल्लीतलीच, कान चिरलेली. सासूबाईंना दिसली की त्या तिच्यावर पाणी फेकायच्या. ती पिठावरून सावकाश चालत गेली. मी शेजारीच उभी होते, पण तिला हाकललं नाही. ती गेल्यावर मी टोपली होती तशी ठेवली. कोरं पीठ चारचौघांना दाखवणं माझ्याने झालं नसतं.

सकाळी नणंदबाईंनी टोपली काढली आणि ओरडल्या, "अगं बाई, मांजराचं पाऊल! दादा मांजराच्या जन्माला गेला!" सासूबाई नऊ दिवस काळ्या चहावर होत्या. त्या भिंतीला धरून उठल्या. "मंग बघत काय बसल्या? दूध घाला त्याला. उपाशी असंल पोरगं." मांजर दूध प्याली, त्यानंतर त्यांनीही अर्धा कप घेतला. आता खरं कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार होता, आणि मांजरही दारात टिकली नसती.

तीन महिन्यांनी तिला माझ्या साड्यांच्या कपाटात चार पिल्लं झाली. नणंदबाईंनी फोनवर विचारलं, "वहिनी, दादाला पोरं झाली म्हणं?" सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं. बाईचा जन्म मिळाला. कळू दे जरा." त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. पिल्लं पुढे चार घरी गेली. मांजर राहिली.

तिला माझं दुःख कळतं, असं मी म्हणणार नाही. तिला ऊब कळते आणि दुधाची वेळ कळते. पण सहाला ती दार खरवडायची, म्हणून मी उठायचे. उठले की चूल पेटायची, आंघोळ व्हायची, दिवस सुरू व्हायचा. शाळा तुम्ही सातवीला सोडवलीत, वाचायचं माझं मी शिकले, पण यजमान गेल्यावर पुस्तकातली एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. ती मांडीवर येऊन बसायची आणि उठता येत नाही म्हणून मी वाचत राहायचे. असंच एका दुपारी, काही कारण नसताना, मी रडले. फार नाही. ती हलली नाही.

गेल्या आठवड्यात मेथी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, "खरं सांग, टोपली तू उचलल्ती का?" मी चार काड्या निवडल्या. मग म्हणाले, "हो. माझ्यासमोर चालली ती पिठावरून."

"मला तव्हाच वाटलं. तुझ्या पदराला पीठ होतं."

"मंग बोलल्या का न्हाईत?"

"तू तरी कुठं बोललीस?" मांजर मेथीत तोंड घालायला आली. तिला उचलून त्यांनी शेजारी बसवलं. "ऱ्हाऊ दे आता. मला सवय झाली तिची."

एवढंच झालं. मला वाटलं होतं, घर कोसळेल. त्यांनी खरं पचवलं आणि संध्याकाळी तिला नेहमीसारखं दूध घातलं.

हा कागद कुठे टाकायचा नाही, वहीतच राहील, म्हणून एक सांगते. पीठ मी पाहिलं, पाऊल मी पाहिलं, त्यात काही नव्हतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी ताटली खाली ठेवते आणि तिला हाक मारते, "अहो."