राजूच्या खरादाचा गाडा

१९ नोव्हेंबर १९८८, जळगाव
भांडीबाजारातले शेठ आज घरी आले. राजूकडून लाटणी-पोळपाट न्यायचे ते. "राजूभाऊ आहेत का?" दारात सौ. होती, ती आत निघून गेली. मीच सांगितलं. पोरगा गणपतीत गेला, कावीळ. शेठ पायरीवरच बसले. जाताना म्हणाले, आता माल करणारं कोणी नसेल ना? नाही म्हटलं. सूनबाई आतून ऐकत असणार. भांडी घासायचा आवाज थांबला होता.

२० नोव्हें.
सकाळी चहा देताना सूनबाई, शैला, म्हणाली, "नाना, लाटणी मला येतात."
मला वाटायचं ती नुसती काचपेपर मारते, लाख लावते. मी एसटी डेपोत ड्यूटीवर असताना राजू तिला खराद, लाकूड कातायचं मशीन, शिकवत होता म्हणे. मला कधी बोलला नाही. सौ.ला विचारलं, तिला ठाऊक होतं. "माहीत हाये मले. पन घरात ते मशीन चालू करायचं नही. तो आवाज आला का मले वाटीन, राजू आत बसेल हाये."
खराद मधल्या खोलीत खिडकीखाली आहे. त्यावर तिनं चादर टाकून ठेवलीय. चादर रोज झटकते आणि परत टाकते.

२३ नोव्हें.
शैला मागच्या अंगणात पत्र्याखाली काम करायला तयार. आवाज तिथून कमी येईल. सौ. हो म्हणाली नाही, पण नाही पण म्हणाली नाही. मात्र मशीन तिथं ठेवता येणार नाही. मागची भिंत कमरेएवढी, मोटर कोणीही काढून नेईल. रोज न्यायचं, रोज आणायचं, तर खराद लहान असला तरी बिडाचा आहे. मोटरीसकट दोन गड्यांचं ओझं. माझी कंबर ही अशी.
डेपोत ऑइलचे ड्रम हलवायला आम्ही गाडा केला होता. तसं काही करावं. एकट्या बाईला ढकलता आला पाहिजे. दाराची रुंदी मोजली.

२७ नोव्हें.
भंगारबाजार. दवाखान्यातल्या खाटेची चाकं होती, रबरी, झकास फिरणारी. हातात घेतली. राजूला अशाच खाटेवरून आत नेलं, तिचं एक चाक सारखं कुरकुरत होतं. मी खाटेबरोबर दारापर्यंत गेलो, पुढं जाऊ दिलं नाही.
ठेवून दिली. केळीच्या वखारीतली जुनी लोखंडी घेतली. जड आहेत, आवाज करतील. चालेल.

३० नोव्हें.
लाकूड घरचंच. माळ्यावर मोडीत काढलेल्या बसच्या फळ्या पडून होत्या, राजूच्या लग्नाच्या वेळी दिवाण करायचा म्हणून आणलेल्या. दिवाण झालाच नाही. करवतीला धार लावली. चार पाय, दोन आडव्या पट्ट्या, वर जाड फळी, खाली एक कप्पा. खिळे नाहीत, सगळे नटबोल्ट. गिरमिटानं भोकं पाडताना दम लागला. शैलानं गिरमिट घेतलं हातातून. माझ्यापेक्षा सरळ पाडते.

३ डिसें.
पाय कापायचे होते. शैलाला उभी केली, कोपर वाकवायला सांगितलं, कोपरापर्यंत माप घेतलं. राजूच्या वेळचा खराद उंच बसवलेला, ती पाटावर उभी राहून काम करायची म्हणे. आता पाट नको.
सौ. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "इतकं खाली? मंग त्याले वाकावं लागीन."
करवत माझ्या हातात तशीच. शैला खाली बघत राहिली. सौ.च्याच लक्षात आलं. ती आत गेली. दुपारी जेवली नाही.
पाय संध्याकाळी कापले.

८ डिसें.
शेजारच्या दोघांना बोलावून खराद गाड्यावर चढवला. चादर सौ.नं स्वतः काढली, घडी घालून पेटीत ठेवली. उंबऱ्यावर उतरती फळी टाकली. गाडा मागं गेला. चार चाकं, खडखडाट, पण गेला.
मोटर चालू केली आणि गाडाच चालायला लागला. थरथरत पुढं. शैलाची पटाशी लाकडात अडकली, उडाली, अंगठा फाटला. चूक माझी. चाकांवर उभा असलेला खराद हादरे कसे सोसणार? बसच्या गिअरबॉक्सवर आयुष्य गेलं आणि हे सुचलं नाही.
हळद सौ.नं लावली. अंगठा बराच वेळ धरून बसली होती.

९ डिसें.
म्हटलं मोडून टाकतो. शैला म्हणाली, "नाना, मोडू नका. चाकं काढा."
"चाकं काढली तर गाडा कसला?"
"मग दोनच ठेवा."
दिवसभर तेच डोक्यात.

१३ डिसें.
जमलं. चाकं दोनच, एकाच बाजूला. ती पण जमिनीपासून बोटभर वर. उभा असताना गाडा चारी पायांवर. दुसऱ्या बाजूला दोन दांडे, ते उचलले की चाकं टेकतात आणि गाडा चालतो. विटा वाहायच्या गाडीसारखा. खालच्या कप्प्यात, चाकांच्या बाजूला, वाळूचं पोतं. वजन चाकांवर येतं, दांड्यावर कमी. अंगणात एका पायाखाली पाचर मारावी लागते, पाणसळ लावून बघितलं.
शैलानं एकटीनं बाहेर नेला, एकटीनं आत आणला. हसली नाही, पण पुन्हा एकदा नेऊन आणला. उगीच.

१५ डिसें.
सौ. सकाळच्या बसनं असोद्याला भावाकडं गेली. काही काम नव्हतं. शैला समजली.
तिनं बाभळीचा तुकडा लावला. मोटर. मी पत्र्याबाहेर उभा. तो आवाज. आधी घर्र, मग पटाशी टेकली की बारीक शीळ घातल्यासारखा. मला वाटलं होतं मला काही होणार नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.
लाटणं चांगलं झालं. एका टोकाला जरा बारीक. म्हणाली, "ते सुरवातीला हेच म्हणायचे, टोकाला घाई करतेस."
सौ. अंधार पडायच्या आत आली. लाटणं ओट्यावर होतं. उचललं, पोळपाटावर फिरवून बघितलं, ठेवलं. रात्री भाकरीच केल्या.

१४ जाने. १९८९
संक्रांत. तिळगूळ घरात केला नाही, शेजारणीनं आणून दिला. शेठ माल नेतात आता. शैला स. दहाला गाडा बाहेर काढते, लाइट गेली की पॉलिशचं काम. सौ. त्या वेळात समोरच्या ओसरीत बसते. कापूस पिंजत असते, उशा भरते. एवढ्या उशा कोणाला?

५ फेब्रु.
सौ. आज ओसरीत नव्हती. मधल्या खोलीत बसलेली. खराद चालू. म्हटलं, त्रास होत नाही? "राजूचा आवाज वेगळा व्हता. हा वेगळा हाये. आता कळते मले." आणि थोड्या वेळानं, "हिचा हात हलका हाये."

१९ फेब्रु.
धुळ्याहून शैलाचा भाऊ भास्कर आला. जेवण झाल्यावर माझ्याशी बोलायचं म्हणाला. दोघं कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत गेलो. तिथं धुळ्यात एक स्थळ आहे. माणूस शाळेत कारकून, बायको वारली, एक मुलगी. भास्कर नीट बोलेना, शब्द शोधत होता. "नाना, माणूस चांगला शे. पण तुम्हनं मन मोडीसन आम्हले काहीच करनं नही."
मी म्हटलं शैलाला विचारलं का. नाही म्हणाला, आधी तुम्ही.
शैला सव्वीसची आहे. मूल नाही. आम्ही दोघं किती पुरणार तिला. पिंपळाखाली हे सगळं सरळ वाटलं. घरी येईपर्यंत तसं राहिलं नाही.

२० फेब्रु.
सौ.ला सांगितलं. तिनं कापूस बाजूला ठेवला. मग, "माह्या घरातून आजून काय काय जाईन?"


२२ फेब्रु.
शैलाला मीच सांगितलं, अंगणात, मोटर बंद करायला लावून. तिनं डोळ्यांतला भुसा पुसला. "तुम्ही काय म्हणता, नाना?"
मी म्हटलं, बघून तर घे.
"आई?"
तिनं मोटर चालू केली. आजचं एक पण लाटणं धड नाही, सगळी जळणात टाकली.

२ एप्रिल
भास्करला आखाजीनंतर, अक्षय्यतृतीया झाली की, बघू असं कळवलं. घरात विषय नाही. सगळे जपून बोलतात. मीठ मागायचं तरी जपून.

१६ एप्रिल
मी सावद्याला लग्नाला. शैला शेठच्या दुकानी माल द्यायला गेलेली. दुपारी वादळ आलं, धूळ, मग टपोरे थेंब. बसमध्ये जीव टांगणीला. खराद बाहेर, मोटर उघडी.
घरी पोचलो तर गाडा मधल्या खोलीत. जागेवर. मोटर कोरडी. सौ.च्या लुगड्याला चिखल. शेडचा एक पत्रा उडालेला.
"कोणी आणला?"
"मी."
"एकटीनं?"
"तुम्ही तसाच तं केला हाये." केस पुसत होती. "तिचं अर्धं लाटनं लावेल व्हतं त्याच्यावर. ते नही काढलं, हलून जाईन म्हनून."
शैला भिजून आली. खराद बघितला, सौ.कडं बघितलं. टॉवेल घेतला आणि सौ.चेच केस पुसायला लागली. सौ.नं पुसू दिले.

८ मे, आखाजी
भास्कर कालच न्यायला आला होता. शैला म्हणाली, घागर भरून मग येते. आज राजूच्या नावाची घागर, गेलेल्या माणसासाठी पाण्यानं भरतात ती. बापानं पोराची घागर भरायची. गुरुजी सांगत गेले तसं करत गेलो. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवताना सौ.नं खालून आधार दिला. आमरस केला होता. राजूला साखर जास्त लागायची. वाढताना शैलानं राजूच्या नावाच्या पानावर चमचाभर जास्त घातली.

९ मे
शैला स. धुळ्याला गेली. गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी आल्यात, झोके बांधलेत, गाणी चाललीत. आमच्या घरी शांत. गाडा भिंतीशी उभा.

११ मे
सौ. अचानक म्हणाली, तिनं हो म्हटलं तर खराद तिच्याबरोबर द्यायचा. मोकळ्या हातानं नाही पाठवायची.
मला नको वाटलं. खरंच नको वाटलं. म्हटलं राजूची एवढी एकच वस्तू. म्हटलं नवऱ्याच्या घरी त्यांना आवडेल का. म्हटलं टेम्पोत बसेल का. सौ. ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाय तुम्हीच कापले ना तिच्या उंचीचे? आता ठेवून काय करनार तुम्ही? वाकून उभे राहनार?"
उठून बाहेर गेलो. पिंपळापर्यंत.
माझ्या लक्षात येतंय, गाडा केला तेव्हा मला तिला इथंच ठेवायचं होतं. काम असेल तर राहील असं. हे मी कोणाला बोललो नव्हतो. स्वतःला पण नाही.

१४ मे
शैला दुपारच्या बसनं आली, भास्कर स्टँडवरूनच परत. हातपाय धुतले, चहा केला तिघांचा. बसली. स्थळ बघून आली होती, आपणहून बोलली.
"त्यांनी माझे हात बघितले. विचारलं, हे घट्टे कसले? मी सांगितलं खराद चालवते. ते म्हणाले घरात जागा नाही, पण बाहेर ओटा आहे. मुलगी सारखी माझ्या बांगड्यांशी खेळत होती."
"मग?" मी.
"मी काही सांगितलं नाही अजून."
सौ.नं कप उचलले.

१५ मे
स. शैलानं गाडा नेहमीसारखा बाहेर काढला. पोळपाटाची ऑर्डर आहे. दु. चारपर्यंत काम. मग मोटर बंद झाली. मी ओसरीत होतो. सौ. मागं गेली, पाण्याचा तांब्या घेऊन. बराच वेळ झाला. बोलण्याचा आवाज येत होता, शब्द नाहीत. एकदा शैला रडली असं वाटलं. एकदा सौ. मध्येच हसल्यासारखी. उठावं म्हटलं, नाही उठलो.
मग चाकांचा खडखडाट. दारात बघितलं. एक दांडा शैलाच्या हातात, एक सौ.च्या. एकटीला आणता येतो तो गाडा. दोघी मिळून आणत होत्या, वाकडातिकडा, उंबऱ्याच्या फळीवर अडला, सौ. म्हणाली, "थांब, माह्या बाजूनं घे."
भिंतीशी उभा केला. दोघींनी हात झटकले. शैला चुलीकडं गेली, सौ. दिवा लावायला.
काय ठरलं ते मला कोणी सांगितलेलं नाही.