त्या दगडाला काय लागलं?

टॉलवुड, रविवार, चर्चहून आल्या आल्या

तीर्थस्वरूप ओरेस्टकाका यांना पुतणी हल्याचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा सातच अंगं धरा). तुमचा खोकला कसा आहे? काकू अजून तुम्हाला पेरोगी मोजूनच वाढतात का? इथे सगळं ठीक आहे असं सगळेच सांगतात. म्हणजे नक्की काहीतरी लपवताहेत.

कालपरवापर्यंत मी सुखात होते. मग ल्यूबाताईचे आठवड्यात दोन फोन आले. सख्खी बहीण, पण एरवी नाताळशिवाय आठवण काढत नाही. कर्लिंग क्लबात नवा फलक लागतोय, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या आमच्या ज्युनिअर विजयाचा. शनिवारी आमचे गुरू म्हणून तुम्ही चार शब्द बोलणार. आणि तिच्या नावाखाली माझं नाव, सोनेरी अक्षरांत. "खूश ना गं?" म्हणाली. ती गोड बोलली की कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला मुरंब्याच्या डब्यांपासून ठाऊक आहे. (आठवतं ना? डब्यांत पाणी गोठवून तुम्ही आम्हाला अंगणात खेळायला दगड करून दिले होतेत. कडीवाला डबा तिचा, बिनकडीचा माझा.) पुढे क्लबातही तेच. तिनं बर्फावरून दगड घसरत सोडायचा आणि मागून "जोरात! अगं जोरात!" म्हणून बोंबलायचं, मी वाकून दगडापुढचा बर्फ झाडूनं घासत पळायचं. "तुमची धाकटीही खेळते का हो?" असं कुणी विचारलं की आई सांगायची, "छे, ती झाडते." सरावाच्या नावाखाली स्वयंपाकघरही मीच झाडलं. अकरा वर्षं सराव झाला.

तुम्ही आम्हाला एकच गोष्ट घोटून शिकवलीत. चालत्या दगडाला आपला झाडू लागला, की तो दगड जळला, म्हणजे बाद. पंचाकडे बघायचं नाही, आपला हात आपण वर करायचा. आता तो शेवटचा दगड आठवा. वर्तुळाच्या मधोमध जाऊन बसला, समोरच्या संघातल्या गेल मॅकफीच्या दगडापेक्षा बोटभर जवळ, आणि आम्ही जिंकलो. पण वाटेत तो किंचित बिचकला होता! इतकी वर्षं मी त्याचा तपास करतेय. गेलच्या टोपीचा धागा पडला होता? बर्फवाल्या म्हाताऱ्यानं पाणी नीट शिंपडलं नव्हतं? की ल्यूबाताईचाच हात हलला? रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं, म्हणून मी गेलला गरम चॉकलेट दिलं, तर ती नुसतं "थँक्यू" म्हणाली. हरलेली मुलगी इतकं सरळ बोलते का कधी?

आणि काका, राग मानू नका, पण संशय तुमच्यावरही आहे. नेमके त्याच क्षणी तुम्ही काचेपलीकडे चष्मा पुसत होतात. तेव्हापासून दर नाताळला तुमच्याकडून ल्यूबाताईला मोजे आणि मला झाडूचं नवं डोकं. मलाच का? खेळ सोडून वीस वर्षं झाली मला! कपाटात पस्तीस डोकी जमलीत, दार उघडायची सोय राहिली नाही.

काकूंना नमस्कार, मांजरीला पापा.

तुमची (सध्या कुणाचीच खात्री नसलेली)
हल्या

ता. क. गेलनं बेरीचा पाय पाठवलाय (खायचा, तंगडी नव्हे). तीन दिवस तसाच पडलाय. उगाच कोण पाय पाठवतं हो? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आणखी एक ता. क. रंगारी बुधवारी येतोय. त्याला सांगा, फलकावर गेलच्या संघाची नावं घाल. तुमचं सगळे ऐकतात.

शेवटचा ता. क. काका, माझाच झाडू लागला होता. मला तेव्हाच कळलं. हात वर करणार, तेवढ्यात ल्यूबाताई "जिंकलो गं!" म्हणत गळ्यात पडली आणि माझे दोन्ही हात अडकले. नंतर सुटले, तेव्हा मी ते खिशात घातले. तुम्ही बघितलं होतंत ना? इथून पुढचं अक्षर बिघडलंय, समजून घ्या. डाव्या हातानं लिहितेय. उजवा वर आहे.