सातव्या जोडाचा रंग

३ मार्च, मंगळवार

प्रिय खारूताई,

पत्राच्या सुरुवातीला आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायचं असतं, ते लिहून टाकते. तुम्हीही असालच. छोटीचा दात पडला हे फोनवर कळलं. पण तो पुढचा की बाजूचा, ते सांगायचं तू विसरलीस. आजीला अशा गोष्टी सविस्तर लागतात.

फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. बाबांच्या डोळ्यांसाठी तू फोनमध्ये ती वाचून दाखवणारी बाई बसवून दिलीस ना, तेव्हापासून ह्या घरात खासगी असं काही उरलेलं नाही. परवा माझ्या मैत्रिणीने आपल्या मूळव्याधीबद्दल पाठवलेला निरोप त्या बाईने खणखणीत आवाजात साऱ्या घराला ऐकवला. बाबा आतून म्हणाले, "तिला म्हणावं, कोमट पाण्यात बस." म्हणून पेन काढलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पट्टी मारून मारून वळवलेलं अक्षर अजून मोडलेलं नाही, बघ.

खोकं पोचलं असेल. त्यात एवढी वर्तमानपत्रं कोंबली आहेत की सायलेन्सर हाती लागेपर्यंत तुला गेल्या वर्षाच्या सगळ्या बातम्या वाचाव्या लागतील.

तुझी खोली आता तुला ओळखू येणार नाही. अभ्यासाच्या टेबलाला शिकंजा बसवलाय, पलंगाच्या जागी वेल्डिंगचं यंत्र आलंय. पण दारावरच्या तुझ्या उंचीच्या रेघांना बाबांनी धक्का लागू दिला नाही. आर्गॉन गॅसची टाकी त्या रेघांशेजारीच साखळीने बांधली आहे. ती तुझ्या दहाव्या वाढदिवसाएवढी उंच आहे. कधी कधी येता-जाता तिच्या डोक्यावर माझा हात जातो.

तू त्या दिवशी सहज म्हणालीस, गाडीचा सायलेन्सर गंजून गळतोय, आणि दीड महिना भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस उठून बसला. "लोखंडाचा कशाला? कारखान्यातल्या टायटॅनियमच्या दोन नळ्या माळ्यावर आहेत. असा करून देतो, की गाडी भंगारात जाईल आणि हा छोटीच्या पोरांना पुरेल." मी म्हटलं, "पण तुम्हाला दिसणार कसं?" तर म्हणाले, "वेल्डिंगची ठिणगी दिसते मला. बाकीचं जगच दिसत नाही."

ती नळी घरी वाकवता येत नाही. तिचे पाचरीसारखे तुकडे कापायचे आणि एकाला एक जोडत वळण साधायचं. असे सात जोड झाले. उघड्या बोटांनी धातूला शिवायचं नाही, बोटांचं तेलसुद्धा त्याला बाधतं. म्हणून मी पांढरे हातमोजे घालून उभी राहायची. बक्षीस समारंभाला सिस्टर आम्हाला घालायला लावत तसे. जोड तापलेला असताना त्याला हवा लागली तर तो ठिसूळ होतो, म्हणून नळीच्या आतही गॅस भरायचा आणि दोन्ही तोंडं फॉइलने बंद ठेवायची. ते फॉइल सांभाळणं माझ्याकडे होतं.

आणि रंग सांगणं. तो जोडाचा निकाल असतो. चांदीसारखा आला तर उत्तम. फिका पिवळा चालतो. निळा आला की काळजी, आणि राखाडी आला तर कापून टाकायचा. भरतकामाच्या सिस्टर एकाच निळ्याचे अकरा दोरे समोर टाकून क्रमाने लावायला सांगायच्या. ते शिक्षण उतारवयात असं कामी येईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

आत्ताच बाहेरून विचारणा झाली, "पेन कुरकुरतंय. कुणाला लिहितेस?" तुला, म्हटल्यावर हुकूम आला, "लिही तिला, सातवा जोड बघ म्हणावं. बाहेरून नुसता आरसा. आणि आतून तुझ्या आईने स्वतः बघितलाय."

लिहिलं.

एक मात्र आहे. तो बसवायची घाई करू नकोस. छोटीची परीक्षा होऊ दे. उन्हाळा जाऊ दे. नुसता भिंतीवर टांगलास तरी शोभेल.

तुझी,
आई


१० मार्च, मंगळवार

बाळा,

काल तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, शनिवारी मेकॅनिककडे गाडी टाकतेय. बाबांनी टाळी वाजवली. माझ्या हातून वाटी पडली.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तो सायलेन्सर गाडीला लावू नकोस. सातवा जोड आतून राखाडी आहे.

बाहेरून काही दिसणार नाही. तुझा मेकॅनिकही म्हणेल, वा, काय हात आहे! हात आहेच. चूक त्या हाताची नाही, माझी आहे. शेवटचा जोड चालू होता. मी फॉइलकडे बघायचं सोडून त्यांच्या हातांकडे बघत राहिले. चहाचा कप धरताना थरथरणारे ते हात, खारूताई, त्या ठिणगीपाशी इतके शांत होते की मला आमच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. कारखान्याच्या फाटकाशी मी डबा द्यायला जायची तेव्हा लांबून असेच दिसायचे ते. तेवढ्यात खिडकीकडचं फॉइल दोन बोटं सुटलं होतं. मी दाबून धरलं, पण उशिरा.

त्यांनी मास्क वर केला. "बाहेरून?" मी म्हटलं, चांदी. ते खरं होतं. मग त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "आतून काय रंग?"

मी आत पाहिलं. राखाडी, आणि त्यावर खडूसारखी पांढरी पूड. तुकडे संपले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "एक जरी जोड वाया गेला तरी मी वेल्डिंगचा टॉर्च कायमचा खाली ठेवला म्हणून समज." त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला होता, नेमका माझ्याकडे नाही, जरासा डावीकडे, हल्ली वळतो तसा.

मी म्हटलं, "चांदी."

ते स्टुलावर बसले आणि हसले. दीड महिना पडून असताना त्यांची झोपेच्या गोळ्यांची बाटली मी पिठाच्या डब्यात लपवून ठेवत होते. तुला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती बाहेर काढून कपाटात ठेवली.

आता पुढचं. तो जोड तुझ्या गाडीच्या मागच्या सीटखाली येतो. छोटी तिथे आडवी होऊन झोपते. जोडाला तडा गेला तर धूर आत शिरेल, आणि त्यातल्या विषाला वास नसतो. खोकं बांधताना मला हे माहीत होतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिते आहे. खोक्याला सुतळी बांधताना मी स्वतःला सांगत होते, ती काही लगेच बसवणार नाही. आजी म्हणवते स्वतःला.

वाटलं, तुला सांगावं की गुपचूप दुसरा बसव आणि बाबांना सांग हाच आहे. पण तू त्यांना फोनवर इंजिन ऐकवायचं कबूल केलंयस. लोखंडाचा घोगरा आवाज ते पहिल्या दमात ओळखतील. आणि खरं सांगायला जावं, तर माझ्यावर विश्वास बसणार नाही. उभ्या संसारात मी त्यांचं मन राखत आले. म्हणतील, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतेयस. आणि बसलाच विश्वास, तर त्यांना जे काही दिसतं ते हल्ली माझ्या तोंडून दिसतं. तेही खोटं निघालं, तर त्या माणसाने कशाला धरून चालायचं?

शनिवारच्या आत फोन कर. गाडी टाकणं रद्द कर, कारण काहीही सांग. मला काही विचारू नकोस, ते ऐकत असतात. फक्त छोटीचा दात कुठला पडला ते सांग. "पुढचा" म्हणालीस, की पत्र पोचलं असं मी समजेन.

आई


१५ मार्च, रविवार

प्रिय खारूताई,

शुक्रवारी तू "पुढचा" म्हणालीस. मला हुंदका फुटला. बाबा म्हणाले, "दात पडला तिचा, आणि रडतेस काय तू?"

पण मेकॅनिकला वेळ नाही हे तुझं कारण त्यांना पटलं नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, "वेळ नाही कसला! आंधळ्याने केलेल्या वस्तूवर आपली पोर कोण बसवेल? बरोबर आहे तिचं." मग तुझ्या खोलीत गेले आणि चाचपडत टॉर्चची नळी गुंडाळायला लागले. तो ठपका तुझ्या नावावर बसू देणं मला शक्य नव्हतं. मी दारात, तुझ्या रेघांशी उभी राहून सगळं सांगितलं.

त्यांनी पोलिसासारखे प्रश्न विचारले.

"फॉइल किती सुटलं होतं?"

"दोन बोटं."

"कुठल्या बाजूचं?"

"खिडकीकडचं."

"आणि तू काय करत होतीस?"

"तुमच्या हातांकडे बघत होते."

"का?"

"थरथरत नव्हते म्हणून."

नळी गुंडाळून त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "गोष्ट छान रचलीस. कॉन्व्हेंटची आहेस, तुला येतं ते."

तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवतात, औषध घेतात, मला काही विचारत नाहीत. शर्ट कुठला, हेसुद्धा नाही. काल दोन पायांत दोन रंगांचे मोजे होते. मी सांगितलं नाही. सांगण्याचा हक्क कुठून आणू? बाटली पुन्हा पिठाच्या डब्यात गेली आहे, आणि ह्या वेळी मी दिवसातून दोनदा झाकण उघडून बघते.

म्हणून हे कर, आणि आजच कर. मेकॅनिककडून सातवा जोड दोन्ही बाजूंनी बोटभर सोडून कापून घे. मागच्या सीटखाली येणारा, वळण संपतं तिथला. आत कुणाला बोट घालू देऊ नकोस, ती पूड पुसू देऊ नकोस. कापडात गुंडाळून सगळ्यात लवकर पोचेल अशा मार्गाने पाठव. बाकीचा सायलेन्सर ठेव, टाकू नकोस. बाबांना डोळे नाहीत, पण बोटं आहेत. बाहेरून बोट फिरवलं की आपला हात चुकला नव्हता हे त्यांना कळेल. आणि आतून खिडकीच्या बाजूला जिथे जास्त खरखरेल, तिथे मी आहे. माझ्या शब्दाला ह्या घरात आता वजन उरलं नाही. त्या तुकड्याला आहे.

तो हातात घेऊनही ते उठले नाहीत, तर काय करायचं ते मला माहीत नाही. तूही सुचवू नकोस. तू फक्त कापून पाठव.

हे लिहीत होते तेव्हा ओट्यावर चहा ठेवला होता. दोन दिवसांत पहिल्यांदा आतून आवाज आला. भिंतीकडे तोंड असेल, तसा दबलेला.

"चहाला रंग आला का?"

मी उठून पातेल्यात वाकून पाहिलं. चांगलं दोनदा पाहिलं. एरवी लगेच गाळून दिला असता, त्यांना तल्लफ आली आहे म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "अजून फिका आहे."

मग म्हणाले, "मग थांब."

मी पातेल्यापाशी थांबले.

पार्सलची वाट पाहणारी, आणि ह्यापुढे दिसेल तेवढंच सांगणारी,
तुझी आई