नागपूर ते पुणे, दीड तास

३ फेब्रुवारी, सोमवार

चारुता गेली. पहाटेच गाडी आली, नागपूरला विमानतळावर सोडायला. मी फाटकाशीच थांबले. माझ्या अभिरामची बायको म्हणून या घरात आली. तो गेल्यावर तीन वर्षं माझ्यापाशी राहिली — आणि आता पुण्याला मामाकडे, विवेकशी लग्न करायला. स्थळ मीच पाहिलं. तिला तयारही मीच केलं. मग आज रडू का आवरत नाही!

माणूस पोचल्याचं कळेपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत. सासूबाई दोन-दोन दिवस झाडूला हात लावू देत नसत. शेजारची कोकिळा चहाला आली. "काऊन वो बाई, आंगण तसंच?" म्हटलं, पोरीला पोचू दे. बोलत बसलो, तोच फोन — "आई, उतरले."

"पोचली बी?" कोकिळा म्हणाली. "इतक्या वेळात तं मले देवळीची एसटी भेटत नाई!"

हसलो दोघी. ती गेल्यावर घर फारच मोठं वाटलं.

४ फेब्रुवारी

शाळेत भूगोलाच्या सिस्टर नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला लावत. आज जुना अ‍ॅटलास काढला. नागपूर ते पुणे — बोटाएवढाही दोरा लागला नाही. हवेतून सहाशे किलोमीटर. अभिराम पुण्याला शिकायला होता, तेव्हा रात्रभर रेल्वेत बसून यायचा. दारातूनच ओरडायचा, "आई, भूक!" तेव्हा पुणं कधी लांब वाटलं नाही.

११ फेब्रुवारी

चारुताचा फोन. "आई, तेवीसला लग्न. तुमचं तिकीट काढते. दीड तास तर आहे!" मी गुडघ्याचं सांगितलं. विमानात कानात दडे बसतात म्हटलं. जशी काही रोज बसते विमानात! तिकडून मग नुसतं, "बरं."

खरं कारण इथेच लिहिते. अभिराम तोंडवळ्यानं माझ्यावर गेला होता. नव्या नवऱ्याला हार घालताना तिच्या समोर हा चेहरा कशाला? आणि विवेकच्या आईला काय वाटेल? पहिली सासू, त्यात विधवा — मांडवात येऊन बसली!

१६ फेब्रुवारी

कोकिळा चिडली. "पोरीले माय नाई. तुमी नाई गेल्या तं तिच्या बाजूनं उभं कोन राह्यते?"

"मी तिची आई नाही गं."

"मंग इतके दिवस कोन होत्या?"

मी भाजी निवडत राहिले.

१९ फेब्रुवारी

फोन नाही. मीही केला नाही.

२१ फेब्रुवारी

दुपारी फाटकाशी टॅक्सी थांबली. विवेकच्या आई! आजवर फक्त फोनवर बोललेल्या. परवावर लग्न, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि या सकाळच्या विमानानं एकट्या आल्या. मी पाणी दिलं. त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. मी मागे सरले. त्या पुढे आल्या. टेकवलंच कपाळावर.

"विहीणबाई, संध्याकाळची दोन तिकिटं आहेत. बॅग भरा. मुलीची आईच नसेल, तर मी मांडवात रुसून बसू कुणावर?"