भिंगरीचा उजवा हात

४ मार्च

चि. भिंगरी हीस अ. उ. आ.

फोनवर तू बोलतेस आणि मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून आपलं पत्रच बरं. तीस वर्षं किल्ल्या घासून कान गेले, डोळे मात्र शाबूत आहेत.

तर तुझ्या खोलीच्या दाराला कुलूप कसलं आहे, आतून कडी आहे का, चौकट लाकडी की लोखंडी, सगळं चित्र काढून पाठव. घरमालकीणबाईंकडे जादा किल्ली असेल तर ती कुठे टांगतात तेही विचार. अंधार पडल्यावर एकटी फिरू नकोस. कुणा अनोळखी माणसाने वेळ विचारली तर घड्याळ बंद आहे म्हणावं. गाईगुरांचं डॉक्टर व्हायला इतक्या लांब गेलीस, त्याची मला काळजी नाही. जनावर बिचारं काय करणार? काळजी दोन पायांच्यांची.

तुझी आई म्हणते, मी मुलीला नव्हे, तिजोरीला पत्र लिहितोय.

उत्तर लवकर धाड. वाटेकडे डोळे आहेत.

तुझे बाबा

१९ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

टाइप केलेलं पत्र पाहून दचकू नका. इथे सगळे अहवाल असेच द्यावे लागतात, सवय व्हावी म्हणून हा खटाटोप. कुलूप भक्कम आहे, चित्र पुढच्या वेळी. घरमालकीणबाईंनी पस्तीस वर्षं टपाल वाटलं आहे, त्यामुळे गल्लीतलं प्रत्येक कुत्रं त्यांना वचकून असतं. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. आईला नमस्कार.

माया आहे तशीच राहू द्यावी.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरी हीस अनेक आशीर्वाद.

मुलगी टाइप करायला शिकली, म्हणून बाबांनी तुझं पत्र चार गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. मी शिवणकाम करणारी बाई. कुठे उसवलंय ते मला कुणी दाखवावं लागत नाही. बोटं शाईने माखल्याशिवाय तुझं एक पान आजवर झालं नाही. आणि या पत्रात सहीसुद्धा टाइप केलेली. चित्र काढायला सांगितलं तर भिंती रंगवणारी तू, एका कुलपाचं चित्र काढायला तुला सवड नाही?

कोणता हात? खरं काय ते लिही. बाबांना मी बेताबेताने सांगेन.

तुझी आई

१५ एप्रिल

ती. आईस, सा. न. वि. वि.

उजवा.

हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करते आहे, चुका पोटात घाल. एक गाय अडली होती. वासराचा पाय मागे दुमडलेला. तो सरळ करायला मी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि गाय एकदम खाली बसली. हात दोन ठिकाणी मोडला. गाय वाचली, वासरू नाही वाचलं.

आमच्या घरमालकीणबाई माझ्या कोटाची बटणं लावतात आणि पत्रांवर शिक्के मारावेत तशी दणादण वेणी घालतात. प्लास्टर आठवड्याने निघेल. पण आई, मला गोठ्यात पाय टाकवत नाही. परवा दारापर्यंत गेले, आत एक गाय हंबरली आणि मी तशीच माघारी फिरले. जूनमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा आहे. सर म्हणाले, हवं तर कुत्र्या-मांजरांच्या विभागात जा. चांगल्या मनाने म्हणाले, म्हणूनच लागलं.

बाबांना कसं सांगायचं ते तूच ठरव.

भिंगरी

३ मे

चि. भिंगरी हीस अ. उ. आ.

आईने बेताबेताने सांगितलं. म्हणजे आधी जेवायला वाढलं आणि मग मला ऐकू यावं म्हणून पत्र इतक्या मोठ्याने वाचलं, की आता सगळ्या मजल्याला तुझ्या हाताची चौकशी आहे.

तुला एक सांगायचं राहून गेलंय. तू चार वर्षांची असताना मला एका घरी बोलावलं होतं. दार ओढलं गेलेलं, आई बाहेर, तान्हं आत, गॅसवर दूध. कुलूप रोजच्यातलं. पण बाईचं रडणं ऐकून माझा हात हलला आणि तार आतच तुटली. शेवटी शेजाऱ्यांनी पहार घालून दार फोडलं. खोलीभर धूर. बाळ वाचलं, पण आठवडाभर खोकत होतं.

पंधरा दिवस मी दुकान उघडलं नाही. तुम्हाला सांगितलं, पाठ धरली आहे. मग तीच बाई नव्या दाराला कुलूप बसवून घ्यायला आली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडे जा. ती म्हणाली, त्या दिवशी काय चुकलं हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? गेलो. स्क्रू दोनदा हातातून पडला. भीती गेली म्हणून कुलूप बसवलं असं नाही, बसवता बसवता तीच कंटाळून गेली.

तू गोठ्यात जा, असं मी म्हणत नाही. जाऊ नकोस, असंही नाही. हाताला शेक घेत जा.

तुझे बाबा

२९ मे

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे.

तीन दिवस नुसती गोठ्याच्या दारात उभी राहिले. घरमालकीणबाई टपालखात्यातला जुना रेनकोट घालून सोबत येत. चौथ्या दिवशी एक गाय अडली. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मुद्दामच असावं. मी बाही वर केली. गाय हलली तशी मी ओरडले आणि हात बाहेर काढला. सर म्हणाले, श्वास घे, पुन्हा घाल. पुन्हा घातला. तासाभराने वासरू आलं. ओलंचिंब, नुसते पायच पाय, आणि आल्याआल्या सगळ्यांवर रागावलेलं. मी तिथेच गवतात बसून रडले. परीक्षा आठ तारखेला आहे.

आशीर्वाद असू द्यावेत, या खेपेस जरा जास्तच.

भिंगरी

१६ जून

चि. भिंगरी हीस अनेक आशीर्वाद.

पास झाल्याचं तू तार करावी तसं, तीनच शब्दांत फोनवर कळवलंस. बाबा किल्ली करायला आलेल्या प्रत्येकाला वासराची हकिकत सांगतात. किल्ली होते, हकिकत संपत नाही.

आता एक सांगते. बाबांनी तुला पाठवलेलं मेमधलं पत्र दुसरं होतं. पहिल्यात एवढंच होतं, "पुढच्या विमानाने घरी ये." पाकीट चिकटवून ते टपालपेटीपर्यंत गेले. मीही मागे गेले, पण अडवलं नाही. माझंही मन तेच म्हणत होतं. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं घालून ते बराच वेळ उभे राहिले, मग काढून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, शाईचं पेन आण.

ते पाकीट माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. कधी अगदीच नको झालं तर नुसतं कळव, त्याच दिवशी टाकीन पेटीत.

तुझी आई