चाकू न लावता काढलेला खडा

मुक्काम ठाणे

तीर्थरूप बाबांच्या पायांवर काळुरामचं डोकं.

इथे मी बरा आहे. तुमचा मुतखडा अजून छळतो का? आई पोट शेकून देते का?

‘इस्पितळात पोट फाडतात, येऊ नका,’ असं सांगून मी तुम्हाला दोन वर्षं अडवलं. परवा मोहने गावच्या एका म्हाताऱ्याचा खडा इथल्या डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनं बारीक चिमटा घालून आतच फोडला आणि पाण्यानं धुऊन काढला. अंगावर ओरखडा नाही. आज तो खड्याची पूड पुडीत बांधून चालत घरी गेला.

हे त्यानंच सांगितलं. मी डॉक्टरांच्या शेजारी उभा असतो असं तुम्हाला सांगायचो, ती माझी थाप होती, बाबा. मी शस्त्रक्रियेच्या खोलीत कधी गेलोच नाही.

लगेच या. दारावर डॉक्टरांचा मदतनीस काळुराम म्हणून विचारू नका, कोणी ओळखणार नाही. चादरी धुणारा काळुराम म्हणा.